रापणीतले प्लास्टिक, दहा रुपये किलो

हे प्रकरण गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका किनारी गावातले. गावाचे नाव देत नाही, संस्थेचेही नाही. दोन्ही इतकी लहान आहेत की नाव घेतले की माणसे ओळखू येतील. संस्थेचे काम किनाऱ्यावरचे प्लास्टिक गोळा करण्याचे, आणि मी तिथे हिशेब आणि अहवाल बघतो. मूळचा डिचोलीचा, शाळा मराठी. त्यामुळे आमची वजनाची वही मराठीत, देणगीदाराचा अहवाल इंग्रजीत आणि गावाशी बोलणे पेडण्याच्या कोकणीत, असा तीन भाषांचा कारभार. पुढचा निम्मा घोळ एक शब्द वहीतून अहवालात जाताना झाला, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. लोकांची बोलणी इथे मराठीत दिली आहेत.

रविवारची सफाई

आम्ही सहा जण. ताई, म्हणजे ज्यांनी संस्था काढली त्या, मी, टेम्पोचालक, शेडमध्ये माल निवडणाऱ्या दोघी, आणि किनाऱ्यावर फिरणारा एक तरुण. तो गावचाच, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, तांडेलांचा (म्होरक्यांचा) भाचा. इथेही त्याला भाचाच म्हणतो.

पहिली काही वर्षे आमचे मुख्य काम रविवारची किनारा-सफाई. म्हापसा-पणजीच्या कॉलेजांतून राष्ट्रीय सेवा योजनेची मुले यायची. हातमोजे, पोती, दोन तास काम, फोटो, वडापाव. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा-सफाईचा दिवस पाळतात. १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे तो दिवस पावसाळ्याच्या शेवटाला येतो, वाळूवर वर्षातला सगळ्यात जास्त माल पडलेला असतो, आणि त्या एका सकाळचा आकडा वर्षभर मिरवता येतो. आम्हीही मिरवला.

सफाईला माझा विरोध नाही. फक्त उत्साहात मुले प्लास्टिकबरोबर मर्यादवेलही उपटतात. वाळूचे उंचवटे तीच वेल धरून ठेवते, ती गेली की पुढच्या पावसात उंचवटाही जातो, हे दर रविवारी नव्या तुकडीला नव्याने सांगावे लागते. मोरजी-मांद्र्याच्या बाजूला नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तिथे तर पाऊलही बघून टाकावे लागते.

घोडे पेंड खात होते ते दुसरीकडे. वाळूवर दिसते ते समुद्रातल्या प्लास्टिकपैकी बहुतेक तरंगणारेच. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून पिशव्या, झाकणे, दोऱ्या भरतीच्या रेषेवर येऊन पडतात. पाण्याची बाटली ज्या पीईटीची असते ते मात्र जड. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, पीईटीची साधारण १.३८. झाकण घट्ट असेपर्यंत आतल्या हवेवर बाटली तरंगते, झाकण निघाले की पाणी भरून तळ गाठते. जाळ्याचे नायलॉन १.१४, तेही खाली. वेफर्सच्या पाकिटात वाळू शिरली की तेही खाली. रविवारच्या पोत्यात ही मंडळी क्वचितच सापडतात.

रापण तळ घासत येते. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि वीस-तीस माणसांनी दोन्ही बाजूंनी पाय रोवून ओढायचे. खालच्या दोराला वजने असतात. बांगडे, तारले, पेडवे यांच्याबरोबर तळाचा कचरा येणारच. मासे निवडून झाले की तो वाळूवर झटकतात आणि पुढच्या भरतीला तो परत आत जातो. भाचा हे लहानपणापासून बघत आलेला. कल्पना त्याची: "वर तर आलंच आहे. परत आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच करू."

आमच्या सगळ्या वर्षांतली ही सर्वांत शहाणी सूचना होती, असे मला आजही वाटते. आम्ही ती राबवली कशी, ती पुढची गोष्ट.

करार

त्याच सुमारास एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पैसे देऊ केले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि ती घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. आमची नोंदणी होती, लेखापरीक्षण होते. करारात कामाचे वर्णन अडीच पाने आणि मोजमाप एकच: समुद्रातून काढलेले प्लास्टिक, किलोमध्ये, दर तिमाहीला.

ते मोजमाप मीच सुचवले होते. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर विचारले, "तुम्ही मोजणार काय?" आमच्याकडे भिंतीला टांगलेला ताणकाटा होता. मी म्हटले, वजन. दोन मिनिटांत विषय संपला आणि मला फार हुशार वाटले.

गावाशी बोलणे जुलैत झाले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणसे जाळी शिवत बसलेली असतात, बोलायला तोच काळ बरा. रापणकार बाहेरच्यांशी जपून बोलतात. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत ट्रॉलरना मनाई झाली. ट्रॉलर आत शिरल्याच्या तक्रारी अजून होतातच. तेव्हा गोड बोलणाऱ्या संस्था त्यांनी पाहिलेल्या आहेत. तांडेलमामांनी दोनच प्रश्न विचारले: पैसे रोख की खात्यात, आणि पोती कोण उचलणार? ठरले असे: दहा रुपये किलो, महिन्याला रापणीच्या खात्यात, पोती आमचा टेम्पो उचलेल. जाळ्यातून मासे निवडणाऱ्या बायका चार हातांवर बसल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. मीही नाही.

ऑगस्ट, सप्टेंबर

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला आणि पुढच्या आठवड्यात पहिली पोती आली. ते सहा-सात आठवडे आम्ही खरोखर काहीतरी शिकत होतो.

पावसाळ्यात या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलट उत्तरेकडे. त्यात तेरेखोल आणि शापोरा या दोन्ही नद्या उगम पावतात सिंधुदुर्गाच्या बाजूला आणि समुद्राला मिळतात पेडण्याच्या हद्दीवर. म्हणजे आमच्या पोत्यात दोन राज्यांचा संसार यायचा. बांद्याच्या दुकानाचा शिक्का असलेली पिशवी, चवथीच्या मखराचे थर्माकोल, एकाच पायाच्या चपला (दुसरा पाय कुठल्या गावाला जातो कोण जाणे), सलाईनच्या नळ्या, आणि पानमसाल्याच्या पुड्या. प्लास्टिकच्या पुडीत गुटखा-पानमसाला विकायला २०११ च्या नियमांपासून मनाई आहे. पुड्यांना ते कोणी सांगितलेले दिसत नव्हते.

शेडमधल्या दोघींना पंधरा दिवसांत मालाची नाडी कळायला लागली. समुद्रात मुरलेले प्लास्टिक हाताला बुळबुळीत लागते. त्याचा रंग उडालेला असतो, कडा ठिसूळ. बाटलीच्या खाचांत शेवाळ आणि चुनखडीसारखे बारीक पांढरे कवचधारी जीव चिकटलेले. उघड्या बाटल्यांत गाळ. वाळले तरी वास जात नाही. शेजारच्या घराने पंचायतीत तक्रार केली ती त्याच वासाची.

आणि या मालाला गिऱ्हाईक नाही, हेही तेव्हाच कळले. भंगारवाला पीईटी घेतो, पण गाळ भरलेले आणि खारवलेले बाजूला टाकतो. थर्माकोल कोणालाच नको. वेफर्स-बिस्किटांच्या पाकिटांचे प्लास्टिक अनेक थरांचे असते, ते पुन्हा वितळवून काही करता येत नाही. गोव्यातला असा माल गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे भट्टीत जाळायला जातो. भट्टीला क्लोरीन चालत नाही, आणि समुद्रातून आलेल्या मालावर मीठ असतेच. म्हणून गोड्या पाण्याने धुवायचे. पावसात ठीक, पुढे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवणाऱ्या गावात कचरा धुवायला पाणी मागायला आम्ही कोणत्या तोंडाने जाणार होतो? दहा रुपये किलोने विकत घेतलेला माल मार्गी लावायला त्याच्याहून जास्त खर्च येत होता. करारात ओळ होती ती फक्त गोळा करण्याची.

पहिल्या तिमाहीचा अहवाल मी सप्टेंबरअखेर पाठवला. वहीत रकान्याचे नाव होते "रापण". अहवालात मी त्याचे भाषांतर केले ते "समुद्रातून काढलेले". तेव्हा त्यात खोटे काहीच नव्हते.

वही

नोव्हेंबरात वजन चढायला लागले. हंगामी पर्यटक आले होते, किनाऱ्यावर खाण्यापिण्याचे शॅक लागले होते, कधीकधी बाकड्यांमुळे रापण टाकायला जागा मिळत नव्हती, आणि पोती मात्र वाढत होती. ताई खूश. मीही खूश होतो. वर्षाचे लक्ष्य डिसेंबरातच गाठू असे दिसत होते.

शंका आली ती एका किरकोळ गोष्टीवरून. भाचा रोजची मासळी मोबाईलच्या स्टेटसला टाकतो. एका संध्याकाळी वही भरताना मी त्याला सहज विचारले, कालचा फोटो नाही टाकलास? तो म्हणाला, काल रापण ओढलीच नाही. वहीत कालच्या तारखेला सात पोती होती.

मग मी त्याच्याकडून महिन्याचे फोटो घेतले आणि तारखा जुळवल्या. एका आठवड्यात रापण तीनदा ओढली गेली होती, पोती सहा दिवस आली होती. सगळ्यात मोठा दिवस होता गावच्या जत्रेनंतरचा. रात्रभर दशावतार, खाजे-चण्यांची दुकाने, भजी, फुगे. आणि दुसऱ्या दिवशी वहीत ऑगस्टपासूनचे सर्वांत जास्त वजन.

त्या दिवसाची काही पोती शेडमध्ये अजून न उघडलेली होती. उघडली. पाण्याच्या बाटल्या, झाकणे घट्ट, लेबल कोरे करकरीत, आतून कोरड्या. अशी बाटली तळ घासणाऱ्या जाळ्यात येणेच कठीण, ती वरच्या वर तरंगते. खाज्याच्या पिशव्यांना गुळाचा पाक आणि मुंग्या. समुद्रात मुंग्या नसतात.

दुसरी पोती खरी रापणीची निघाली, पण तिथे वेगळीच गंमत. जाळ्याच्या गुंत्यात ओली वाळू तशीच ठेवलेली, बाटल्यांत पाणी. चौदा किलोचे एक पोते झटकून, ओतून, दोन दिवस वाळवून पुन्हा काट्याला लावले: साडेपाच किलो. साडेआठ किलो अरबी समुद्र आम्ही पंच्याऐंशी रुपयांना विकत घेतला होता.

शेडमधली बैठक

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण असल्या प्रकरणांच्या लिखाणात तो बहुधा गाळलेला असतो. समस्या, उपाय, यश असे लिहिले जाते. मधली भांडणे कोणी लिहीत नाही.

ताईंचे म्हणणे: प्लास्टिक ते प्लास्टिक. जत्रेच्या मैदानाशेजारी व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. जूनच्या पहिल्या पावसात त्या बाटल्या व्हाळातून समुद्रातच गेल्या असत्या. आज उचलल्या तर बिघडले काय? आणि "समुद्राकडे निघालेले प्लास्टिक" अशी एक मान्य कल्पना आहेच: किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत बेवारस पडलेले प्लास्टिक त्यात धरतात.

मुद्दा बिनतोड वाटला, म्हणून मी घरी जाऊन नकाशा काढला. गोव्याची पूर्व-पश्चिम रुंदी साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे सत्तरीच्या पूर्व टोकाचा थोडा डोंगर सोडला तर गोव्यात कुठेही रस्त्यावर पडलेले पाकीट त्या व्याख्येत बसते. माझ्या डिचोलीच्या घरामागचे सुद्धा. व्याख्या चूक नाही, जमिनीवरचा कचरा समुद्राला मिळतो हे खरेच आहे. पण तसे असेल तर रापण कशाला हवी? बाजारात काटा लावून बसलो असतो.

भाचा सगळ्यात जास्त चिडला, आणि माझ्यावर. "तुम्ही फोटो माझ्याकडून घेतलेत आणि माझ्याच मामाला चोर ठरवताय." मी चोर हा शब्द उच्चारलेला नव्हता. तरी त्याचे म्हणणे खरे होते. मी त्याला काय करतोय ते न सांगता फोटो मागितले होते. त्याची माफी मागितली. ती त्याने लगेच स्वीकारली नाही, दोन आठवडे माझ्याशी कामापुरतेच बोलला.

शेडमधल्या दोघींपैकी एक इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आम्हाला ऑक्टोबरपासून माहीत होतं." मग सांगितलं का नाही? "आम्हाला कोणी विचारलं नाही. वजन तुम्ही करता."

मला वाटते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. आमच्या रचनेत माल हाताळणाऱ्या दोघींना वहीला हात लावायचा अधिकार नव्हता आणि वही लिहिणारा मी पोते उघडत नव्हतो.

तांडेलमामांकडे

तिघे गेलो: ताई, मी, भाचा. मामांनी चहा दिला. मी तारखा वाचून दाखवायला कागद काढला, तसे त्यांनी हाताने थांबवले.

"तुम्ही किलो मागितलात. आम्ही किलो दिला."

थोडे थांबून म्हणाले, "टोपलीवर मासे घेणाऱ्याला आम्ही मोठा बांगडा वर ठेवून देतो. त्यालाही ते ठाऊक असतं. तुम्हाला नव्हतं?"

ताई हसल्या. मला हसू आले नाही, कारण मागची तिमाही माझ्या सहीने गेली होती.

मग मामांनी खुलासा केला तो असा. जत्रेचा कचरा मुलांनी आणला. पंचायत उचलणार नव्हती आणि पैसे मिळत होते. त्यांना त्यात लबाडी वाटली नव्हती. ओली वाळू? ती थोडी लबाडी होती, हे त्यांनी कबूल केले. पण ओलीच पोती भरायला आम्हीच लावले होते, टेम्पो सकाळी लवकर येतो म्हणून. हेही खरे.

खरी गोष्ट बाहेर आली ती निघताना. दारात एक काकी उभ्या होत्या, जाळ्यातली मासळी निवडणाऱ्यांतल्या. त्या म्हणाल्या, पैसे जातात रापणीच्या खात्यात, तिथून वाटे पडतात ओढणाऱ्यांचे. प्लास्टिक मासळीतून वेगळे करतो आम्ही. वाकतो आम्ही, काच लागते आम्हाला. आमच्या वाट्याला काही नाही, म्हणून आम्ही निवडायचे सोडले. आता पोत्यात येते ते पोरे कुठून कुठून आणून भरतात. रापणीतले परत पाण्यातच जाते.

आम्ही ज्यासाठी पैसे देत होतो, तेवढेच काम आमच्या पैशांनी बंद पाडले होते.

काय बदलले

पर्याय चार होते. पैसे देणे थांबवायचे. प्रत्येक पोते तपासून घ्यायचे. एक-दोन माणसांना रोजावर ठेवायचे. किंवा पैसे वजनाऐवजी कामाला जोडायचे. पहिल्याने भाच्याची मूळ कल्पनाच बुडाली असती. दुसऱ्याने आम्ही किनाऱ्यावरचे पोलीस झालो असतो. रोजावर ठेवण्याची सूचना माझी होती, ती मामांनी एका वाक्यात काढली: रापण कधी ओढायची ते बांगडा ठरवतो, रोजावरचा माणूस काय दिवसभर समुद्राकडे बघत बसेल?

ठरले ते चौथे. प्रत्येक ओढीमागे ठरावीक रक्कम, जाळ्यात जे येईल ते पाण्यात परत न टाकता बाजूला ठेवण्यासाठी. दोन किलो असो की वीस. त्यातली अर्धी रक्कम निवडणाऱ्या बायकांच्या खात्यात थेट. अर्ध्यावरून महिनाभर वाद चालला. रापणीतला कुठलाही पैसा वाट्यांशिवाय जात नाही, ही जुनी रीत मोडायला पुरुष तयार नव्हते. शेवटी काकींनी आणि आणखी तिघींनी आठवडाभर निवडणेच बंद केले, तेव्हा जमले. त्यात आमचे श्रेय शून्य.

जत्रेच्या कचऱ्याची वेगळी वही केली आणि ती पंचायतीबरोबर बांधली. शेडमधल्या दोघी आता स्वतः नोंद करतात. वजन अजूनही लिहितो, त्याला पैसे जोडलेले नाहीत. आणि आठवड्यातून एक पोते, कोणते ते चिठ्ठी टाकून, चटईवर पूर्ण उलटे करून त्यातला नग न् नग मोजतो.

देणगीदाराला पत्र मी लिहिले. दुसऱ्या तिमाहीचे रापणीचे आकडे मागे घेतो, त्यातला कोणता भाग समुद्रातला हे आता सांगता येणार नाही, पद्धत बदलत आहोत, वजन कमी होईल. हे पत्र पाठवू नये, पुढच्या तिमाहीपासून गुपचूप सुधारणा करावी, असे ताईंचे मत होते, आणि त्यामागे सहा जणांचे पगार होते, तेव्हा त्या मताला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पण मार्चमध्ये युटिलायझेशन सर्टिफिकेटबरोबर, म्हणजे पैसे कसे खर्चले त्याच्या दाखल्याबरोबर, तोच आकडा लेखापरीक्षकासमोर जाणार होता. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोन करून शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग आता आकडा काय धरू?" दुसरा हप्ता त्यांनी दिला, उशिरा आणि कापून. पुढच्या वर्षी करार केला नाही. कारण कळवले नाही, आम्ही विचारलेही नाही. टेम्पोचालक आता आमच्याकडे अर्धवेळ आहे आणि उरलेला वेळ फर्निचर पोहोचवतो.

चटईवरचे पोते

वजन कमी झाले, अपेक्षेपेक्षाही जास्त. पण नग मोजायला लागल्यावर यादीच उलटीपालटी झाली. किलोच्या हिशेबात चपला, बाटल्या आणि जाळ्यांचे गुंते वर असायचे. नगांच्या हिशेबात सर्वांत वर आले नायलॉनच्या दोऱ्याचे बोटाएवढे तुकडे, दोन्ही टोके कापलेली. त्यांच्या खाली पाकिटांचे फाडलेले कोपरे, थर्माकोलचे मणी, कान साफ करायच्या आणि गोळीच्या काड्या. या प्लास्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पाकिटाच्या कोपऱ्यावर नाही.

दोऱ्याच्या तुकड्यांनी आम्ही दोन आठवडे गोंधळलो. ट्रॉलरवरून येतात, असे सगळ्यांनी ठरवून टाकले; ट्रॉलरवर काहीही खपते. काकींनी एक तुकडा उचलून बघितला आणि म्हणाल्या, हा तर आमचाच. जाळे शिवताना फाटलेला भाग कापतात, गाठ मारली की उरलेले टोक कापतात, आणि ते खाली वाळूत पडते. जून-जुलैत सगळा गाव तेच करत असतो. पहिल्या मोठ्या भरतीला ते आत जाते. असा तुकडा पुढे झिजून बारीक होतो. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी साळ नदीच्या मुखाशी पाण्यात, गाळात आणि तिथल्या शिंपल्यांत सूक्ष्म प्लास्टिक नोंदवले आहे, त्यात तंतू होतेच. हे मी मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमचंच जाळं आम्हीच खातो." पुढे त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाळी शिवायच्या मांडवात रंगाचे दोन रिकामे डबे टांगलेले होते.

गेल्या पावसाळ्यातल्या बंदीत ते डबे तीनदा भरले. तिन्हींतले मिळून एक पोतेही झाले नाही. जुन्या दराने त्याचे फार तर शंभर-सव्वाशे रुपये झाले असते.

सगळे सुटलेले नाही. धुवायला पाणी अजून नाही, त्यामुळे एप्रिल-मेचा माल शेडमागे ताडपत्रीखाली पडून असतो आणि शेजारचे घर पंचायतीत जातच असते. नवीन देणगीदार मिळाला आहे तो लहान आहे. त्याच्या अर्जातही एक रकाना "एकूण किलो" असाच होता. मी तिथे वजन लिहिले, शेजारी ओढींची संख्या लिहिली आणि खाली नगांची यादी जोडली. यादी कोणी वाचली की नाही माहीत नाही.

ताणकाटा सध्या तांडेलमामांकडे आहे. चवथीच्या आधी मासळी तोलायला म्हणून नेला, तो परत आलेला नाही.